केळ्याच्या नावानं शंख

समकालीन कलेला नावं ठेवायला हल्ली फारसं वाचावं लागत नाही, आणि पाहावं तर मुळीच लागत नाही. एक केळं पुरतं. मौरिझियो कातेलान या इटालियन कलाकारानं डिसेंबर २०१९मध्ये मायामी बीचच्या ‘आर्ट बाझेल’ मेळ्यात एका गॅलरीच्या भिंतीवर राखाडी चिकटपट्टीनं केळं लावलं, त्याला ‘कॉमेडियन’ असं नाव दिलं, आणि त्याच्या प्रतीला १,२०,००० डॉलरचा भाव आला. पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०२४मध्ये, अशी एक प्रत न्यूयॉर्कच्या सदबीजमध्ये ६२ लाख डॉलरला गेली. घेणारा क्रिप्टोचलनातला धनाढ्य. त्यानं हाँगकाँगला पत्रकार बोलावले आणि त्यांच्यादेखत ते केळं सोलून खाल्लं. लिलावात भिंतीवर असलेलं फळ त्याच दिवशी रस्त्यावरच्या गाडीवरून ३५ सेंटला आणलं होतं, हेही वर्तमानपत्रांनी शोधून काढलं.

तेव्हापासून आपल्याकडे कलेचा विषय निघाला की हे केळं पानात वाढलेलंच असतं. मागोमाग येणारी फिर्यादही ठरलेली. एके काळी चित्रकाराला हात असावा लागे. धुरंधर, हळदणकर, कोल्हापूरचे आबालाल रहिमान आणि बाबुराव पेंटर ही खरी माणसं. मग कुठंतरी गाडी रुळावरून घसरली. पॉप, मिनिमलिझम, कन्सेप्च्युअल, परफॉर्मन्स, इन्स्टॉलेशन अशी एकामागून एक सोंगं आली. ‘उत्तर-आधुनिक’ म्हटलं की काहीही खपू लागलं. श्रीमंतांनी पैसा मुरवायची सोय म्हणून त्याला उचलून धरलं आणि आपल्या लोकांनी पश्चिमेचं उष्टं आनंदानं वाढून घेतलं. शेवटी हुकमाचं पान: असलं काय, माझी नातसुद्धा करील!

या फिर्यादीला उत्तर देणारे बहुतेक जण केळ्याला वळसा घालून जातात. ते बरोबर नाही. फिर्यादी पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच व्हावी.

‘कॉमेडियन’ हा बरा विनोद आहे. जिथं प्रत्येक वस्तू विकायलाच आणलेली, अशा मेळ्यात चार दिवसांत नासणारं फळ लावून ‘आता बोला, किती?’ असं विचारण्यात एक खट्याळपणा आहे. पण एकदा हसून झाल्यावर त्यात दुसऱ्यांदा पाहण्याजोगं फार काही उरत नाही. शिवाय ज्या बाजाराची टिंगल करायची, त्यानंच ती टिंगल विकत घेऊन जाहीरपणे चावून गिळली. म्हणजे विनोदही शेवटी बाजाराच्याच नावावर चढला. इथवर मी फिर्यादींच्या बाजूचा आहे. माझं भांडण पुढच्या उडीशी आहे. हे केळं फुसकं, म्हणून तो सगळा कलाप्रकारच फुसका, ही ती उडी.

आता दुसरी एक कृती घेऊ. क्यूबात जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या कलाकाराची, १९९१ची. खोलीच्या कोपऱ्यात रंगीबेरंगी चकचकीत कागदांत गुंडाळलेल्या गोळ्यांचा ढीग. ढिगाचं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. येणाऱ्यानं हवी तर गोळी उचलावी आणि खावी. ढीग कमी होत जातो, संग्रहालय तो पुन्हा भरू शकतं. कृतीला शीर्षक नाही, मात्र कंसात लिहिलंय की हे लॉस एंजेलिसमधल्या रॉसचं व्यक्तिचित्र आहे. रॉस हा गोन्झालेझ-टोरेसचा जोडीदार. तो त्याच वर्षी एड्सनं गेला. एका धडधाकट पुरुषाच्या शरीराचं वजन आणि दिवसागणिक झिजत जाणारा ढीग यांचा संबंध मग कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पाच वर्षांनी, १९९६मध्ये, स्वतः कलाकारही त्याच आजारानं अडतिसाव्या वर्षी गेला.

साहित्य पाहिलं तर ही कृती म्हणजे कातेलानच्या केळ्याची सख्खी बहीण. दोन्हींतला माल दुकानातला, दोन्ही खाण्याजोगे, दोन्ही पुन्हा आणून ठेवता येणारे, आणि दोन्हींची मालकी कागदावरची. कलाकाराच्या बोटांचा ठसा दोन्हींत कुठं नाही. तरी एक ऐकली की संपते आणि दुसरी पिच्छा सोडत नाही. एड्सच्या रुग्णाचा पेला वेगळा ठेवायचे, त्याला शिवायला घाबरायचे, त्या काळात हा माणूस आपल्या जोडीदाराचं शरीर तुमच्या जिभेवर ठेवतो, आणि ते गोड लागतं. उचलणारा प्रत्येक हात ढीग थोडा कमी करतो, म्हणजे झिजवण्यात आपलाही वाटा. कॅनव्हासवर रॉसचा खंगलेला चेहरा काढला असता तर आपण हळहळलो असतो आणि पुढच्या चित्राकडं वळलो असतो. इथं तशी सुटका नाही.

तेव्हा दोष प्रकाराचा नाही. तैलरंगात आजवर लाखो भिकार चित्रं झाली, म्हणून कुणी तैलरंगावर बंदी मागत नाही. प्रकाराला दोषी धरण्यात मोठी सोय मात्र आहे. मग एकही कृती पाहायला जावं लागत नाही.

आता ‘हाता’बद्दल. या मुद्द्यावर समकालीन कलेचे वकील नेहमी एक पळवाट काढतात. पिकासो तेराव्या-चौदाव्या वर्षी कसं हुबेहूब काढायचा, वॉरहॉल जाहिरातींसाठी बुटांची चित्रं किती नजाकतीनं रंगवायचा, वगैरे. म्हणजे त्यांना येत होतं हो, त्यांनी मुद्दाम सोडलं! हा बचाव मला पटत नाही, कारण त्यात फिर्यादीची फूटपट्टी बिनबोभाट मान्य केलेली असते. हुबेहूब काढता येणं ही कलेची पात्रता परीक्षा, आणि आमचा अशील ती आधीच उत्तीर्ण झालेला आहे, असा तो युक्तिवाद. माझं म्हणणं, ही परीक्षा इथं लागूच नाही.

ही फूटपट्टी आपल्या हातात आली कुठून, हेही बघण्यासारखं आहे. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. तांब्याची लंबवर्तुळाकार कड नीट आली का, सावली बरोबर बाजूला पडली का, रंग रेषेबाहेर गेला नाही ना. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हातात ब्रश दिला, आणि त्याचं मोल मोठं आहे. पण ‘ए’ ग्रेड मिळवून बाहेर पडलेल्या कितीतरी लोकांनी परीक्षकाची ती नजर आयुष्यभर सोडलीच नाही. ते कलादालनात शिरतात तेही जणू पेपर तपासायला.

१९७६ साली लंडनच्या टेट गॅलरीत असा पेपर तपासला गेला, आणि ते प्रकरण जरा तपशिलात पाहण्याजोगं आहे. कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराची ‘इक्विव्हॅलंट आठ’ ही कृती टेटनं १९७२मध्ये विकत घेतली होती. १२० विटा, दोन थरांत, जमिनीवर आयताकृती रचलेल्या, बस. चार वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एका वृत्तपत्रानं बातमी दिली आणि करदात्यांच्या पैशातून विटा घेतल्याबद्दल देशभर हलकल्लोळ झाला. एका इसमानं जाऊन त्या विटांवर निळा रंगही ओतला.

आंद्रे ऐन उमेदीत चार वर्षं रेल्वेत ब्रेकमनचं काम करत होता. एकसारखे डबे जोडायचे, तोडायचे, पुन्हा जोडायचे. खोदून-कोरून शिल्प घडवण्याऐवजी तयार नग मांडून ते उभं करायचं, ही त्याची रीत तिथल्या सवयीशी जुळणारी आहे. १९६६मध्ये न्यूयॉर्कला त्यानं अशा आठ रचना एकाच जमिनीवर मांडल्या. प्रत्येकीत १२० विटा, प्रत्येकीचा आकार वेगळा. कुठली लांबुळकी, कुठली चौकोनाच्या जवळ जाणारी. डोळा सांगतो की ही मोठी, ती छोटी. बुद्धी सांगते की सगळ्या सारख्या. डोळा आणि बुद्धी यांचं हे भांडण म्हणजेच ते शिल्प. शिवाय चौथऱ्यावर चढवलेल्या पुतळ्याकडं मान वर करून पाहायची सवय असलेल्या माणसाला घोट्याच्या उंचीचं शिल्प पाहताना आपण उभे कुठं आहोत याचं भान येतं, तो नफा वेगळा.

टेटला मात्र आठांतली एकच मिळाली. आठ मिळून जो युक्तिवाद उभा राहत होता, त्यातलं एक वाक्य लोकांपुढं ठेवलं आणि त्यांनी त्यावर टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा केली. त्या गोंगाटात सामान्य लंडनकरापेक्षा संग्रहालयाची चूक मला मोठी वाटते. आणखी एक गंमत. १९६६च्या प्रदर्शनातल्या विटा खपल्या नाहीत म्हणून आंद्रेनं त्या कारखान्याला परत करून टाकल्या. १९६९मध्ये कृती पुन्हा करायची वेळ आली तेव्हा तो कारखानाच बंद झालेला होता, म्हणून त्यानं भट्टीत वापरतात तसल्या अग्निविटा घेतल्या. फिर्यादींना हे कळलं तर ते नाचतीलच: बघा, मूळ विटासुद्धा नाहीत! पण मूळ काय होतं? विटा, की त्यांचं मांडणं?

सोल लुइट या दुसऱ्या अमेरिकन कलाकारानं हा प्रश्न शेवटापर्यंत नेला. भिंतीवर कुठल्या बिंदूपासून कुठल्या बिंदूपर्यंत, कुठल्या रंगाच्या, किती रेघा ओढायच्या, याच्या तो फक्त सूचना लिहून देई आणि रेघा दुसरे लोक ओढत. प्रदर्शन संपलं की भिंत पांढरी. मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत त्याची १०५ भित्तिरेखनं २००८मध्ये खुली झाली, तेव्हा त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं. यात फसवणूक दिसणाऱ्यांनी आपल्या गाण्याकडं पाहावं. बंदिश बांधणारा दोनशे वर्षांपूर्वीचा, गाणारा आजचा, आणि मैफल संपली की हाती काहीच उरत नाही. तरी बंदिश कुणाची हे आपण आदरानं सांगतो आणि गायकाचं श्रेयही कापत नाही. दृश्यकलेची पाळी आली की मात्र आपल्याला एकदम सही केलेली, चौकटीतली, खिळ्याला टांगता येणारी वस्तू लागते.

आणि हो, नातीचं काय? ती १२० विटा रचू शकेल, नक्कीच. १९६६ साली त्या जमिनीवर त्या आठ आकारांत मांडाव्यात असं तिला सुचलं असतं का, एवढाच प्रश्न आहे. सुचलं असतं तर तिलाही आपण कलाकार म्हणू, माझी काही हरकत नाही.

‘काहीही चालतं’ या आरोपाबद्दल खरं तर यापुढं बोलायची गरज नाही. लुइटच्या सूचनांमध्ये चालढकल करून पाहावी, मग कळेल काय चालतं ते. भूमितीच्या पेपरात त्याला पैकीच्या पैकी मिळाले असते.

पैशाचा आरोप जास्त गंभीर आहे, आणि त्यातला अर्धा खरा आहे. कलेचा बाजार अपारदर्शक आहे. कोण कुणाकडून, कशाच्या पैशानं घेतो हे बाहेरच्याला कळत नाही. पण या दलदलीचा आणि उत्तर-आधुनिक कलेचा जो जोड लावला जातो, तो आकडे पाहिल्यावर टिकत नाही. लिलावात आजवर सर्वांत जास्त पैसे मिळवलेलं चित्र कुठल्या इन्स्टॉलेशनवाल्याचं नाही. ते येशूचं चित्र आहे, ‘साल्वातोर मुंडी’, लिओनार्दोच्या नावावरचं. २०१७मध्ये क्रिस्टीजनं ते ४५ कोटी डॉलरला विकलं. ते लिओनार्दोनं कितपत रंगवलंय यावर तज्ज्ञांत एकमत नाही, आणि डागडुजी तर बरीच झालेली. आपल्या हुसेनांचं १९५४चं ‘ग्राम यात्रा’ मार्च २०२५मध्ये सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. कित्येक दशकं ते ऑस्लोच्या एका इस्पितळात होतं. ११८ कोटी ऐकून कुणी ‘चित्रकला म्हणजे लफडं’ असं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

उलट साठ-सत्तरच्या दशकांतल्या ज्या चळवळींना हे लोक पैशाचा खेळ म्हणतात, त्या बाजाराला वैतागूनच जन्मल्या होत्या. लुइटची भिंत खरवडून घरी नेता येत नाही. रॉबर्ट स्मिथसननं १९७०मध्ये युटातल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये दगडमातीचा १,५०० फूट लांब वळसेदार धक्का बांधला, ‘स्पायरल जेटी’. पुढं तलावाचं पाणी चढलं आणि ती कृती वर्षानुवर्षं बुडून राहिली. ती कुठल्या दिवाणखान्यात लावणार? सादरीकरण करणारा कलाकार स्वतःच्या शरीरानं काम करी, ते शरीर विकायला नव्हतं. बाजार या सगळ्यांपेक्षा चलाख निघाला, हे कबूल. तो प्रमाणपत्रं विकायला शिकला, छायाचित्रं विकायला शिकला. पण चोरी ज्याच्या घरी झाली त्यालाच चोर ठरवायचं म्हणजे फारच झालं.

भाव चढतो तेव्हा तो कुणाच्या खिशात जातो, हेही विचारायला हवं. टॅक्सीच्या धंद्यात पैसा केलेल्या रॉबर्ट स्कल यानं १९७३मध्ये न्यूयॉर्कला आपल्या संग्रहाचा लिलाव केला. रॉबर्ट राउशनबर्गचं ९०० डॉलरला घेतलेलं चित्र त्यानं ८५,००० डॉलरला विकलं. राउशनबर्ग लिलावाला हजर होता आणि नंतर सर्वांदेखत स्कलवर उखडला. त्या ८५,०००मधला एक सेंटही त्याला मिळणार नव्हता. भाव पाहून कलाकाराला लुच्चा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

 

राहिला नकलेचा आरोप, आणि माझा खरा राग यावर आहे. ज्या परंपरेच्या नावानं मांडणशिल्पाला, म्हणजे इन्स्टॉलेशनला, परकं ठरवतात ती परंपरा मुंबईत १८५७मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून आली. तिथं मुलं ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन शिकत. तैलरंग परका, यथादर्शन परकं, जलरंगातलं निसर्गचित्र तर पक्कं इंग्रजी. सावंतवाडीचे हळदणकर जे. जे.त शिकले आणि त्याच परक्या जलरंगात त्यांनी हातात समई घेतलेली ती बाई रंगवली, जी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात पाहायला आजही रीघ लागते. तिला कुणी परकी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. माध्यम बाहेरून आलं, काम इथलं झालं. मग हाच न्याय पुढच्या पिढीला का नाही? जे आजोबांच्या काळात आलं ते आपलं आणि जे आपल्या डोळ्यांदेखत आलं ते उष्टं, असा हा सगळा मामला.

मुंबईत मांडणशिल्पाला जोर चढला तो काळ आठवावा. डिसेंबर १९९२, जानेवारी १९९३. बाबरी मशीद पाडली गेली, शहर पेटलं, माणसं रस्त्यात मारली गेली. रुमाना हुसेन तोवर रंगचित्रं करणाऱ्या. त्या हिवाळ्यानंतर त्यांनी कॅनव्हास बाजूला ठेवला आणि फुटलेली मातीची मडकी, आरसे, गेरू यांना हात घातला. मडक्याचा अर्धगोल घुमटासारखा दिसतो आणि पोटासारखाही. तो फुटला की काय काय फुटतं ते पाहणाऱ्याला आपसूक कळतं. १९९५मध्ये त्या मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात पायांत घुंगरू बांधून, हातात मधोमध कापलेली पपई धरून, तोंड उघडं पण आवाज नाही, अशा चालत राहिल्या. मुसलमान बाई म्हणून आपलं शरीरच आता या शहरात प्रश्न झालंय, हे त्या चित्रात रंगवू शकल्या असत्या. त्यांनी ते शरीरच समोर आणलं. यात कुठली पश्चिम आहे? १९९९मध्ये, पन्नाशीही गाठायच्या आत, त्या गेल्या.

विवान सुंदरम दिल्लीचे. दंगलीत मरून रस्त्यावर पालथ्या पडलेल्या एका माणसाचं, होशी जाल यांनी टिपलेलं छायाचित्र त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पाहिलं. आपण सगळ्यांनीच तसली छायाचित्रं पाहिली आणि पान उलटलं. सुंदरम यांना ते उलटवेना. १९९३च्या ‘मेमोरियल’मध्ये ते छायाचित्र पुन्हा पुन्हा येतं, कधी खिळ्यांनी भरलेलं, कधी काचेआड. ज्याला कबर मिळाली की नाही कुणाला ठाऊक, अशा अनामिकासाठी एक अख्खं स्मारक. त्याची कमान पत्र्याच्या ट्रंकांची आहे. पाच वर्षांनी नलिनी मलानी यांनी पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ केलं, मंटोच्या कथेची आठवण ठेवून. त्यातही पत्र्याच्या ट्रंका आहेत, आत दूरचित्रवाणीचे पडदे. मलानींचा जन्म १९४६चा, कराचीचा. फाळणीत घर सोडताना माणसं काय घेऊन निघाली हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नाही. ते काम १९९९मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात लागलं होतं, म्हणजे शाळांच्या सहली जातात तिथं, वातानुकूलित गॅलरीत नव्हे.

ट्रंक ही आपल्या घरातली वस्तू. माळ्यावर, खाटेखाली, नावगाव रंगवलेली. तैलरंगात ती काढता येते, पण मग ती ट्रंकेचं चित्र होते. प्रत्यक्ष ठेवली की गंज, कडी, वास यांच्यासकट येते आणि पाहणारा आपल्या घरच्या ट्रंकेपाशी जाऊन पोचतो. या कलाकारांनी माध्यम बदललं ते कुठल्या परदेशी नियतकालिकात फॅशन पाहून नव्हे. हाती होतं ते माध्यम घडलेल्या गोष्टीला अपुरं पडलं.

याचा अर्थ कॅनव्हास मेला असा मुळीच नाही. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केलेल्या सुधीर पटवर्धनांनी त्याच अनुभवावर १९९६मध्ये ‘रायट’ केलं, ते चित्रच, ओळखू येणाऱ्या माणसांचं. त्यांची गरज त्यांना तिकडं घेऊन गेली. अतुल दोडियांनी तर दोन्ही एकत्र केली. दुकानाच्या लोखंडी शटरवर कॅलेंडरमधली महालक्ष्मी रंगवली, आणि शटर वर सरकवलं की आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी, हुंड्यापायी. हात पाहायचा तर तोही तिथं भरपूर आहे. महालक्ष्मी कुठल्याही परीक्षकाकडून ‘ए’ मिळवील. पण शटर वर जाण्यातला धक्का त्या रंगकामाचा नाही. बाहेर पूजा आणि आत प्रेतं, हे रोज सकाळी उघडणाऱ्या आणि रात्री बंद होणाऱ्या वस्तूवर करावं हे सुचण्यातला तो आहे. हे घाटकोपरच्या चाळीत वाढलेल्या माणसालाच सुचतं, न्यूयॉर्कच्या माणसाला नाही.

मांडणशिल्पांच्या नावाखाली रद्दीही खूप जमा होते, हे मी नाकारत नाही. भिंतीवर चिकटवलेला मजकूर हे तिचं हमखास लक्षण. कृतीपाशी दहा सेकंद आणि मजकुरापाशी दोन मिनिटं जात असतील तर काहीतरी बिघडलंय असं समजावं. त्या मजकुराची भाषा तर अशी, की मराठी वाचकाला त्यातून अर्थ काढण्यापेक्षा विटांतून काढणं सोपं जावं. क्युरेटर मंडळींनी सामान्य प्रेक्षकाला इतकी वर्षं ज्या तऱ्हेनं वाऱ्यावर सोडलं, त्याची ही फिर्याद म्हणजे एका अर्थी परतफेड आहे.

पण प्रेक्षकाला कृतीपर्यंत पोचू द्यायची सोय तरी कुठं आहे? पटवर्धनांनीच काही वर्षांपूर्वी ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचं समकालीन भारतीय चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरवलं, तेव्हा कितीतरी लोकांनी अशी कामं पहिल्यांदा छापील चित्रांबाहेर पाहिली. एका चित्रकाराला स्वतः पुढाकार घ्यावा लागला, यातच काय ते आलं. आणि मुंबईत? राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात फेब्रुवारी २०१९मध्ये प्रभाकर बरवे यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. बरवे म्हणजे ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे, पान, घड्याळ, कागद असल्या साध्या वस्तूंना कॅनव्हासवर अधांतरी सोडणारे, या मातीतलेच. अमोल पालेकर त्या प्रसंगी बोलत होते. स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्या आणि निर्णय आता दिल्लीहून होणार, हा विषय त्यांनी काढला तेव्हा त्यांना मध्येच थांबवण्यात आलं. फक्त बरव्यांवर बोला, असं सांगण्यात आलं. कुठली कला लोकांपुढं येणार आणि ते ठरवणार कोण, हा प्रश्न मुंबईच्या मुख्य सार्वजनिक संग्रहालयात असा उभा होता.

ज्यांना कलेची इतकी काळजी वाटते, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या गावी जाऊन पाहावं. नाट्यगृह असेल, पावसाळ्यात गळत असेल, पण असेल. सभागृह असेल, मंगल कार्यालयं तर रांगेनं असतील. चांगला उजेड, कोरड्या भिंती आणि दिवसभर उघडं राहणारं दार असलेलं कलादालन बहुतेक ठिकाणी नाही. धुरंधरांसाठी नाही आणि मलानींसाठीही नाही. फिर्याद लिहायचीच असेल तर ती नगरपालिकेच्या नावानं लिहावी. खाली सही करायला मी येतो.